अर्धी पुसलेली फुली

मित्रांनो, रांगेत नीट उभे राहा आणि काचेला नाक लावू नका. या पेटीत ठेवलेला करड्या रंगाचा, तळहाताएवढा तुकडा म्हणजे मी. मी एक जुना लोहचुंबक आहे, पण अंगावर एक ओरखडा सापडणार नाही. असे का, ते शेजारच्या पाटीवर चार ओळींत लिहिले आहे. ते सगळे खरे आहे, फक्त त्यात कोणी माणूस नाही.

तुमच्या बाईंनी तुम्हाला सांगितले असेल की चुंबकाची गोष्ट लक्ष देऊन ऐका आणि उद्या वहीत उतरवून आणा. खुशाल उतरवा. पण माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. मला जन्मापासून एकच काम येते, ओढण्याचे. ओढताना समोरच्याला दुखते का, हे मी कधी विचारलेले नाही.

माझ्यासाठी एक डोंगर फोडला होता. माझ्या अंगात लोखंड पुष्कळ असले तरी जोर आहे तो निओडिमियम नावाच्या धातूचा. त्याला आणि त्याच्या भावंडांना 'दुर्मिळ मृदा' म्हणतात. नाव मोठे भारदस्त आहे. खरे तर हा धातू मातीत बऱ्याच ठिकाणी असतो, पण इतका विखुरलेला आणि भावंडांना इतका चिकटलेला, की त्याला वेगळे काढताना नाकी नऊ येतात. मूठभर धातूसाठी ढीगभर दगड दळतात, तो आम्लात मुरवतात आणि उरलेला गाळ खाली सोडून देतात. आमच्या डोंगराच्या पायथ्याशी एक तळे होते. गाळ आल्यावर त्यात बेडूकसुद्धा उरला नाही. तुमच्या घरातल्या फोनमध्ये, कानात घालायच्या यंत्रात, हवेत उडणाऱ्या खेळण्यात माझी बारकी भावंडे आहेत, तेव्हा बेडकांसाठी एकट्या माझ्याकडे बघू नका.

मग मला वितळवले, दळले, साच्यात दाबले आणि भट्टीत भाजले. एवढे होऊनही मी नुसता ठोकळा होतो. शेवटी मला तारेच्या वेटोळ्यात ठेवून विजेचा एक झटका दिला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्या खोलीतला एकेक खिळा मला जाणवू लागला. कोण कुठे ठेवला आहे ते मला पाठ झाले. तो माझा खरा वाढदिवस, पण तो कोणी कुठे लिहून ठेवला नाही.

माझी नेमणूक एका आठ मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. लिफ्टच्या मोटरीचा जो भाग फिरतो, त्याच्यावर आम्हा चाळीस जणांना गोलाकार चिकटवले. माझा शेजारी माझ्या उलट्या तोंडाचा होता, त्यामुळे आम्ही एकमेकांना सारखे ओढत असू. पण आमच्यामध्ये बोटभर फट होती आणि पाठीला पक्का गोंद. एकोणीस वर्षे आम्ही तसेच होतो. त्या फटीचा मला किती राग होता हे तुम्हाला सांगून कळायचे नाही.

काम मात्र आम्ही चोख केले. गाद्या, कपाटे, बाळंतिणी, आजारी माणसे, सगळ्यांना वर नेले आणि खाली आणले. लोक लिफ्ट चालवणाऱ्याचे कौतुक करत, दारावरच्या चकचकीत पितळी पट्टीचे करत, आतल्या आरशाचे तर फारच. माझे कोणी केले नाही. माणसे कशी असतात ते मात्र मला तिथे कळले, कारण खालचे बोलणे दोरांच्या पोकळीतून थेट वर येई. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ शेजारीण धावत येताना दिसली की घाईघाईने दार बंद करण्याचे बटण दाबत आणि मग "अरेरे, थोडक्यात राहिल्या हो!" म्हणून हळहळत. मला ते गृहस्थ आवडत.

पुढे इमारतीला नवी लिफ्ट आली. आमची मोटर मागच्या आवारात फेकली गेली आणि तिथे तिला गंज चढला. मला हळूहळू दाढी आली: लोखंडाचा कीस, वाकडे खिळे, केसांचे आकडे आणि कोणाची तरी हरवलेली किल्ली. ती किल्ली शोधत एक आजोबा तीन दिवस आवारात फिरत होते. मी ती सोडली नाही. माझ्या आसपास पंखे, स्पीकर, संगणकाची डबडी येत, आणि माझ्या जातीचे त्यांतले सगळे चुंबक भंगाराच्या लोखंडाला चिकटून त्याच्याबरोबर वितळायला जात. तिथे ते जे मिसळत ते कोणालाच परत मिळत नसे. मग कुठेतरी दुसरा डोंगर फोडायला घेत.

मला मात्र या कारखान्यात आणले. इथे जुन्या चुंबकांचे नवे चुंबक करतात. इथले साहेब प्रत्येक पाहुण्याला छाती फुगवून सांगतात, "आमच्याकडे काहीही वाया जात नाही." तुम्हालाही आल्या आल्या सांगितलेच असेल.

आता नीट ऐका, कारण पाटीवर नसलेली गोष्ट इथून सुरू होते.

आमची मोटर आवारातच कोणी घण घालून फोडली होती, त्यामुळे आम्ही सुटे होतो आणि जिवंतही. जिवंत चुंबक हाताळणे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून इथे आधी प्रत्येकाला भट्टीत घालतात. पुरेसे तापलो की आमचा जोर संपतो. त्याला इथले लोक 'मेला' म्हणतात. मेलेला चुंबक आणि जिवंत चुंबक दिसायला अगदी सारखे. ट्रेही तोच, ॲल्युमिनियमचा, आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये ठेवलेल्या विटेच्या चिपाही त्याच. मग ओळखायचे कसे? त्यासाठी दोरेमामा होते.

दोरेमामा म्हणजे इथले भट्टीवाले. त्यांच्या खिशात कायम एक दोरा असे आणि दोऱ्याच्या टोकाला लोखंडी वायसर, म्हणजे मध्ये भोक असलेली चकती. भट्टीतून ट्रे निघाला आणि गार झाला की मामा त्यातल्या प्रत्येक चुंबकावर तो दोरा धरत. वायसर सरळ लोंबकळला की चुंबक मेला. जरा जरी झुकला, तरी ट्रे परत भट्टीत. सगळे तपासून झाले की मामा खडूने ट्रेच्या कडेवर फुली मारत. त्यांची फुली दुरून ओळखू येई, कारण तिच्या एका काडीला खाली वळलेली शेपटी असे. फुली असलेल्या ट्रेमध्ये बिनधास्त हात घालायचा, हा इथला नियम होता. अकरा वर्षांत त्या फुलीने कोणाला दगा दिला नव्हता.

ट्रे रिकामा झाला की ओल्या फडक्याने फुली पुसायची आणि मगच त्यात नवे जिवंत चुंबक भरायचे. हे पुसण्याचे काम धाकटीकडे होते. फुलीच्या ट्रेमधले चुंबक उचलून त्यांचा जळका गोंद खरवडण्याचे काम थोरलीकडे होते. दोघी सख्ख्या बहिणी. आई गेल्यापासून थोरलीनेच धाकटीला वाढवले होते, आणि धाकटी चांगली वीस वर्षांची घोडी झाली तरी रोज सकाळी थोरली तिची वेणी घालून देई. कामाला बसण्याआधी, इथेच, हातपाय धुण्याच्या नळाजवळच्या बाकावर. थोरलीची बोटे अशी चालत की वेणी संपली तरी धाकटीला पत्ता लागत नसे.

त्या सकाळी मात्र तिला पत्ता लागला. थोरलीने वेणी करकचून आवळली आणि सगळ्यांसमोर तिची बिनपाण्याने केली.

"काल पुन्हा दोन ट्रे अर्धवट पुसलेस. खडूचे डाग तसेच. मामांनी पुसले म्हणून बरं."

"ताई, सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. एक ट्रे धड पुसता येत नाही तुला. उद्या सासरी गेलीस तर ताटंसुद्धा अर्धीच पुसते म्हणतील!"

नळावरच्या बायका खो खो हसल्या. धाकटीचे कान लाल झाले. मी तेव्हा जमिनीवर खोक्यात होतो, शेजाऱ्यापासून जाड लाकडी फळीने वेगळा, पण मला सगळे दिसत होते, आणि मला मजा येत होती.

थोड्या वेळाने धाकटीने मांडणीवरून एक रिकामा ट्रे घेतला. त्यावर मामांची आदल्या दिवसाची फुली होती, शेपटीसकट. फडके तिच्या हातात होते आणि ओले होते. तिने एका काडीवरून ते अर्धे ओढलेही. तेवढ्यात गोंद खरवडणाऱ्या टेबलावरून थोरलीचा आवाज आला, "नीट पूस गं, महाराणी!" आणि पुन्हा कोणीतरी हसले.

धाकटीचा हात थांबला. तिने फडके बादलीत टाकले. मग तिने त्याच ट्रेमध्ये मला ठेवले, शेजारी चीप, चिपेच्या पलीकडे माझा जुना शेजारी, आणि तो ट्रे मांडणीवर पुढे सरकवला. तिच्या मनात काय होते? फार वाईट नव्हते, असे मला वाटते. ताई जरा दचकेल, वायसरासारखी डुलेल, चारचौघांत तिचीही फजिती होईल, एवढेच. माझ्यासारख्याचा जोर किती असतो हे तिला माहीत होते, पण रागात माणसाला माहीत असलेलेही आठवत नाही.

थोरलीने फुली पाहिली आणि ट्रे उचलून टेबलावर आणला. डाव्या हाताने तिने माझ्या शेजाऱ्याला उचलले. उजव्या हाताने मला. मी जड लागलो तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली, पण तोवर आम्ही जवळ आलो होतो.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. मला आनंद झाला. एकोणीस वर्षे ज्याला नुसते ओढत होतो, तो समोर होता, आणि पाठीला गोंद नव्हता. मी झेपावलो. आमच्यामध्ये काहीतरी मऊ आले आणि मग कडक आले आणि मग तेही मोडले. त्या क्षणी मला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. थोरली ओरडली नाही. तिने फक्त आपल्या हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

सगळ्यांत आधी दोरेमामा धावले. लाकडी पाचर आमच्या फटीत बसवून त्यांनी हातोडी मारली, एकदा, दोनदा, पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी "सोड रे, सोड रे मेल्या" असे मला म्हणत राहिले. मी सोडायला तयार नव्हतो. अखेर त्यांनी मला सरकवलेच. थोरलीच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे मात्र डॉक्टरांना ठेवता आली नाहीत.

पुढे चौकशी झाली. मी पुरावा होतो, म्हणून तो ट्रे आणि लाकडी खोक्यात मी असे दोघे साहेबांच्या कपाटावर बसून सगळे ऐकत होतो.

साहेबांनी विचारले, "मामा, ही फुली कोणाची?"

मामांनी चष्मा पुसून ट्रे जवळ घेतला. "माझीच साहेब. शेपटी माझीच आहे."

"मग दोरा न धरता मारलीत?"

"धरला होता... मला वाटतं धरला होता. की तो आदला ट्रे? आता मला सांगता येत नाही."

"आणि ही एक काडी मध्येच पुसट का?"

"हात थरथरला असेल. वय झालं."

धाकटी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिने तेव्हा एक वाक्य बोलायला हवे होते. तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली.

मग थोरलीला आत बोलावले. हाताला बोचक्याएवढे बँडेज होते. साहेबांनी ट्रे तिच्यापुढे धरला. तिने डाव्या हाताचा अंगठा त्या पुसट काडीवरून हळूच फिरवला, जिथे ओले फडके एकदाच फिरले होते. या कारखान्यात ट्रे पुसणारे एकच माणूस होते. थोरलीने मान वर करून धाकटीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ती साहेबांना म्हणाली, "मामांनी घाई केली असेल."

बहिणीला वाचवण्यासाठी ती असे म्हणाली, असे तुम्हाला वाटेल. थोडे तसेही असेल. पण मला ओढण्यातले कळते. एखादी गोष्ट पकडून ठेवायची असेल तर ती आधी मोडू द्यायची नसते. धाकटी त्या दिवसापासून थोरलीच्या मुठीत गेली, आणि ती मूठ तीन बोटांची असली तरी सैल नव्हती.

दोरेमामांना घरी पाठवले. आपला दोरा आणि वायसर त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला, नमस्कार केला आणि गेले. महिन्याभराने त्यांची बायको फाटकाचा पास परत करायला आली. साहेब जागेवर नव्हते, मी अजून त्यांच्या कपाटावरच होतो आणि धाकटी खाली कागद आवरत होती.

"कसे आहेत मामा?" धाकटीने विचारले.

"काय सांगू बाई. नवा दोरा घेतलाय, त्याला चकती बांधलीय. चहाच्या कपावर धरतात, चमच्यावर धरतात, दाराच्या कडीवर धरतात. मग म्हणतात, हं, हात लावायला हरकत नाही. अकरा वर्षं चूक झाली नाही गं, आता स्वतःवरचा विश्वासच गेलाय. तू तिथेच होतीस ना त्या दिवशी? खरंच चुकले का ते?"

"काळजी घ्या त्यांची," धाकटी म्हणाली आणि कागद आवरू लागली.

चौकशीची फाइल बंद झाली आणि माझी पाळी आली. मला भट्टीत घातले आणि मी रीतसर मेलो. मग एका बंद टाकीत माझ्यावर हायड्रोजन वायू सोडला. तो मी प्यालो, फुगलो, तडकलो आणि कोणी हातही न लावता माझा भुगा झाला. माझा शेजारीही त्याच भुग्यात होता. इतकी वर्षे ज्याला भेटण्यासाठी धडपडलो, तो आता माझ्या कणाकणात मिसळला आहे आणि मला त्याचे काहीच वाटत नाही. पुन्हा दळले, दाबले, भाजले, पुन्हा तो झटका बसला, आणि मी तुमच्यासमोर उभा आहे. जोर जवळजवळ पहिल्याइतकाच. डोंगर फोडावा लागला नाही, तळे नासले नाही, बेडूक मेले नाहीत. साहेबांनी हौसेने पाटी लिहून घेतली: 'काहीही वाया जात नाही.' त्या दोन बोटांचे काय केले, ते पाटीवर नाही.

थोरलीला गोंद खरवडता येईना, म्हणून तिला ही नमुन्यांची खोली दिली. शाळेची मुले आली की ती माहिती सांगते. तिने साहेबांकडे एकच मागणी केली, "मला एका हाताने सगळं जमत नाही. मदतीला धाकटीला द्या." साहेबांना वाटले, काय माया आहे बहिणींची! धाकटीने केस कापून टाकले आहेत. वेणी घालायला आता कोणी नाही, हे तिने कोणाला सांगितलेले नाही.

रोज इथे जे चालते तेच तुम्ही आत्ता पाहिलेत. थोरली दोरेमामांचा तो जुना दोरा माझ्या पेटीवर धरते, वायसर माझ्याकडे झुकतो आणि तुम्ही "ओऽऽ" करता. मग ती रिकामा ट्रे घेते, डाव्या हाताने त्यावर खडूने फुली मारते, शेपटीसकट, आणि म्हणते, "अशी फुली असली की चुंबक मेलेला. पण एकदा एका म्हाताऱ्या भट्टीवाल्याने दोरा न धरताच फुली मारली, आणि हे बघा." मग ती उजवा हात वर करते. तुमच्यातले पुढचे दोघे मागे सरकले, ते मी पाहिले. आणि मग ती मागे न बघता ट्रे धाकटीपुढे करते आणि म्हणते, "पूस."

रोज. कधी दोनदा, कधी तीनदा. चार वर्षे झाली.

आज तुमच्यातल्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारले, "मग त्या आजोबांचं काय झालं?"

"घरी बसले," थोरली म्हणाली. "चुकणाऱ्याला घरी बसावंच लागतं. पूस."

धाकटीने फडके एका काडीवरून अर्धे ओढले आणि ती थांबली. अगदी तेव्हासारखीच. मी चपापलो. तिने फडके ट्रेमध्ये ठेवले आणि त्या मुलीला म्हणाली, "ते चुकले नव्हते. फुली आदल्या दिवशीची होती. मी पुसली नव्हती."

तुम्ही सगळ्यांनी ते ऐकले. निदान पहिल्या दोन रांगांनी तरी. चार वर्षे अडकलेले वाक्य बाहेर पडले होते.

थोरली हसली. छान, मोकळी हसली. "आमच्या या बाईंना थट्टा करायची फार सवय आहे हं, मुलांनो," ती म्हणाली आणि उरलेली फुली तिने स्वतःच्या तळहाताने पुसून टाकली. तुमच्या बाईंनी घड्याळ पाहिले. "चला, बस उभी आहे, रांग करा, खाऊ खाली मिळेल." तुम्ही खाऊ म्हटल्याबरोबर दाराकडे वळलात. धाकटी तशीच उभी आहे. बघा, अजून उभी आहे.

शेवटी काहीतरी शिकवण सांगायची असते. सांगतो. घरातले मोडके पंखे, बंद फोन, फुटके स्पीकर कपाटात कुजवू नका, भंगाराच्या लोखंडातही टाकू नका. इथे आणून द्या. आमचे सगळे परत मिळते. वहीत एवढेच लिहिलेत तरी पुरेल, बाई बरोबरची खूण करतील.

पण तुमची बस जिथून वळते, त्या कोपऱ्यावर पिवळ्या दाराचे एक बैठे घर आहे. तुमच्यापैकी एकाने तिथे उतरून, आत्ता जे ऐकले तेवढेच सांगायचे आहे. कोणी उतरणार नाही, मला माहीत आहे. मीही उतरलो नसतो. तरी चुकून कोणी उतरलेच, तर दार वाजवून लगेच परत फिरू नका. ते कडीवर आधी दोरा धरतील. तेवढा वेळ थांबा.